बातमी पारखायला शिकवणाऱ्या लेखांची पारख : हर्स्टची तार, मंगळावरची स्वारी आणि कोल्हापूरची पत्रे

१/
खोटी बातमी कशी ओळखावी, हे शिकवणारे लेख आता सर्वत्र आढळतात : शाळांच्या पुस्तिकांत, वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत, ग्रंथालयांच्या भिंतींवर. त्यांचा हेतू चांगला असतो. पण हेतू चांगला आहे म्हणून इतिहासाचा अभ्यासक कागद स्वीकारत नाही. तेव्हा आज या लेखांनाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करू.

२/
या लेखांची घडण बहुधा ठरलेली असते. आरंभी इतिहासातली एखादी चुरचुरीत गोष्ट, मधे तपासणीच्या मुद्द्यांची यादी आणि शेवटी जागरूकतेचे आवाहन. आरंभीच्या गोष्टींत दोन वारंवार येतात : एक अमेरिकेतील वृत्तपत्रमालक हर्स्ट याच्या तारेची, दुसरी ऑर्सन वेल्सच्या नभोनाट्याची. आधी या दोन गोष्टी तपासू, मग आपल्या घरचे एक उदाहरण पाहू आणि अखेरीस त्या यादीकडे वळू.

३/
कसोटी कोणती लावायची? वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि त्याच्या प्रस्तावनेत बखरींची कठोर झाडाझडती घेतली. अस्सल समकालीन पत्र आणि मागाहून लिहिलेली बखर यांतले अंतर तेव्हापासून मराठी वाचकाच्या अंगवळणी पडले आहे.

४/
त्या परंपरेतून चार साधे प्रश्न हाती येतात. कागद घटनेच्या वेळचा की नंतरचा? लिहिणारा तिथे होता काय? कागद कोणाच्या हातून आपल्यापर्यंत आला? आणि त्याला दुसऱ्या स्वतंत्र कागदाचा दुजोरा आहे काय? हेच चार प्रश्न घेऊन पहिल्या गोष्टीकडे जाऊ.

५/
गोष्ट अशी सांगतात. १८९७च्या जानेवारीत 'न्यूयॉर्क जर्नल'चा मालक विल्यम रँडॉल्फ हर्स्ट याने चित्रकार फ्रेडरिक रेमिंग्टन याला क्यूबात पाठवले. तेथे सर्व शांत आहे, युद्ध होणार नाही, मला परत येऊ द्या, अशी तार रेमिंग्टनने केली. त्यावर हर्स्टने उलट कळवले की चित्रे काढणे एवढेच तुझे काम, युद्ध पुरवण्याचे मी पाहतो. पुढच्याच वर्षी अमेरिका आणि स्पेन यांच्यात युद्ध पेटले. तात्पर्य : एका वृत्तपत्राने युद्ध घडवले.

६/
आता पहिला प्रश्न : कागद कधीचा? ही कथा प्रथम छापली गेली १९०१ साली, जेम्स क्रीलमन या पत्रकाराच्या आठवणींच्या पुस्तकात. म्हणजे घटनेनंतर सुमारे चार वर्षांनी. मूळ तारा आजवर कोणालाही सापडलेल्या नाहीत. आपल्या भाषेत सांगायचे तर हे पत्र नव्हे, ही बखर आहे.

७/
दुसरा प्रश्न : लिहिणारा तिथे होता काय? नव्हता. तारांची देवाणघेवाण झाल्याचे सांगतात त्या सुमारास क्रीलमन हर्स्टचा वार्ताहर म्हणून युरोपात होता. क्यूबात रेमिंग्टनसोबत होता रिचर्ड हार्डिंग डेव्हिस हा नामांकित लेखक. डेव्हिसने त्या दिवसांत घरी लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. त्यांत या तारांचा मागमूस नाही.

८/
आणि मजकूर तरी परिस्थितीशी जुळतो काय? क्यूबात स्पेनविरुद्धचे बंड फेब्रुवारी १८९५ पासून धुमसत होते. गावेच्या गावे उठवून लोकांना छावण्यांत कोंडले जात होते. हर्स्टने माणसे पाठवली ती याच युद्धाची वार्ता आणण्यासाठी. जिथे युद्ध चालूच आहे तिथून 'युद्ध होणार नाही' असे कोण कळवील? शिवाय हवानातील तारांवर स्पॅनिश अधिकाऱ्यांचा पहारा होता. असली उद्दाम तार त्यांच्या नजरेतून सुटली असती, हे पटण्याजोगे नाही.

९/
हर्स्टने १९०७ साली लंडनच्या 'टाइम्स'ला पत्र लिहून ही कथा साफ नाकारली. आरोपीच्या इन्काराला एकट्याने फारसे वजन नसते, हे मान्य. पण वरच्या तीन प्रश्नांची उत्तरेही त्याच दिशेने जातात. अमेरिकन अभ्यासक डब्ल्यू. जोसेफ कॅम्पबेल यांनी हा सर्व पुरावा तपासून ही कथा विश्वासार्ह नसल्याचे दाखवून दिले, त्यालाही आता बराच काळ लोटला.

१०/
यातली सर्वांत बोलकी बाब वेगळीच आहे. क्रीलमनने ही कथा हर्स्टची निंदा करण्यासाठी लिहिली नव्हती. त्याला हर्स्टच्या धडाडीचे कौतुक होते. कथा एकच राहिली, तिचा सूर मात्र पुढच्या पिढ्यांनी उलटा केला. १९४१च्या 'सिटिझन केन' या चित्रपटाने तिला नवे आयुष्य दिले आणि स्तुतीची दंतकथा आरोपपत्र होऊन बसली.

११/
याचा अर्थ हर्स्टची वृत्तपत्रे निर्दोष होती असा नाही. १५ फेब्रुवारी १८९८ रोजी हवानाच्या बंदरात 'मेन' ही अमेरिकन युद्धनौका स्फोटात बुडाली, तेव्हा कारण ठाऊक नसताना त्यांनी स्पेनकडे बोट दाखवणारे मोठमोठे मथळे दिले. हे अंक आजही पाहता येतात. खरा पुरावा हाताशी असताना लेखकांनी निवडली ती पुराव्याविना उभी असलेली तार. का? कारण ती एका वाक्यात सांगता येते.

१२/
आता दुसरी गोष्ट. ३० ऑक्टोबर १९३८ची रात्र. सीबीएस या अमेरिकन नभोवाणी संस्थेवर तेवीस वर्षांच्या ऑर्सन वेल्सने एच. जी. वेल्सच्या कादंबरीवर आधारलेले नाटक सादर केले. मंगळावरचे प्राणी न्यू जर्सीत उतरल्याचे वृत्त बातमीपत्राच्या थाटात दिले गेले. लेख सांगतात की लाखो लोक घाबरून रस्त्यावर धावले, साऱ्या देशात हाहाकार उडाला.

१३/
त्याच रात्री सी. ई. हूपर या श्रोतेमापन संस्थेने सुमारे ५,००० घरांत दूरध्वनी करून लोक काय ऐकत आहेत, याची पाहणी केली होती. वेल्सचे नाटक ऐकत असल्याचे सांगणारे निघाले सुमारे २ टक्के. उरलेल्यांपैकी अनेकांनी दुसऱ्या वाहिनीवरचा एडगर बर्गन या बोलक्या बाहुलीवाल्याचा लोकप्रिय कार्यक्रम लावला होता. हा अगदी त्या घटकेचा कागद आहे.

१४/
मग हाहाकार आला कुठून? दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांतून. त्यांतला बराच मजकूर वृत्तसंस्थेने गावोगावहून गोळा केलेल्या सुट्या किश्श्यांचा होता. मंदीच्या त्या वर्षांत नभोवाणी वृत्तपत्रांच्या जाहिराती पळवत होती. हे नवे माध्यम बेजबाबदार आहे, असे दाखवण्यात वृत्तपत्रांचे हित होते. साक्षीदार प्रतिस्पर्धी असेल, तर त्याची साक्ष थोडी वजा करूनच घ्यावी लागते.

१५/
१९४० साली प्रिन्स्टनचे हॅडली कँट्रिल यांचा या प्रसंगावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि हाहाकाराला विद्वत्तेचा शिक्का मिळाला. पण त्यातल्या १३५ सविस्तर मुलाखतींपैकी शंभराहून अधिक माणसे मुळात घाबरल्याचे ठाऊक होते म्हणूनच निवडलेली होती. शिवाय 'मन अस्वस्थ झाले' आणि 'घर सोडून पळालो' या दोन भिन्न अवस्था पुढच्या लेखनात सरमिसळ होऊन गेल्या.

१६/
काही लोक खरोखर घाबरले होते, पोलीस ठाण्यांचे दूरध्वनी खणखणले होते, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्या प्रसारणामुळे एकही मृत्यू झाल्याचे सिद्ध झालेले नाही. काही जणांना तर हा मंगळाचा नव्हे, जर्मनीचा हल्ला वाटला. युरोपातल्या म्युनिक कराराला तेव्हा महिनाच झाला होता. ही भीती मूर्खपणाची म्हणता येत नाही. काळाच्या संदर्भात ती समजण्याजोगी होती.

१७/
जीवितहानी झाली ती दुसरीकडे, आणि तिची आठवण हे लेख क्वचितच काढतात. फेब्रुवारी १९४९ मध्ये इक्वेडोरची राजधानी कितो येथे हेच नाटक स्थानिक गावांची नावे घालून सादर झाले. लोक आधी भ्याले. हे नाटक होते असे कळताच संतापले. ज्या इमारतीत ते नभोवाणी केंद्र आणि 'एल कोमेर्सिओ' हे वृत्तपत्र होते ती जमावाने पेटवून दिली. त्यात माणसे मेली. भीतीपेक्षा फसवले गेल्याचा राग अधिक घातक ठरला. हा धडा मोठा आहे, पण तो 'भोळी जनता' या साच्यात बसत नाही.

१८/
आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. पहिलीत एक लबाड मालक आहे, दुसरीत एक मूर्ख जनता. बातमी पारखायला शिकवणाऱ्या लेखांना अशी दोनच पात्रे सोयीची पडतात : खोटे बोलणारा दुष्ट आणि ऐकणारा भाबडा. वाचक स्वतःला या दोहोंपैकी कोणीच समजत नाही. म्हणून लेख वाचून तो निश्चिंत होतो आणि पुढचा निरोप तसाच पुढे धाडतो.

१९/
गंमत पाहा. 'स्रोत तपासा' असे सांगणाऱ्या लेखकांनी स्वतःच्या गोष्टीचा स्रोत तपासला नाही. त्यांना फसवायचे नव्हते आणि ते मूर्खही नव्हते. ती गोष्ट त्यांच्या उपदेशाला शोभत होती, एवढेच. माणूस बहुधा असाच फसतो : जे आपल्या म्हणण्याला बळ देते, त्याला आपण कागद मागत नाही. याचे आपल्या घरचे उदाहरण १८८२ सालचे आहे.

२०/
१८८१च्या जानेवारीत पुण्यात 'केसरी' आणि 'मराठा' सुरू झाले. 'केसरी'चे संपादक गोपाळ गणेश आगरकर, 'मराठा'चे बाळ गंगाधर टिळक. दोघांचाही जन्म १८५६चा, म्हणजे दोघेही पंचविशीच्या आसपास. आज हा धागा वाचणाऱ्या पुष्कळांच्या वयाचेच.

२१/
त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज होते. त्यांना वेड लागल्याचे सांगितले जात होते आणि कारभार माधवराव बर्वे या कारभाऱ्यांच्या हाती होता. तरुण राजाचा छळ होत आहे, या भावनेने महाराष्ट्र अस्वस्थ होता. छत्रपतींच्या गादीचा प्रश्न म्हणजे जिव्हाळ्याचा प्रश्न. दोन्ही पत्रांनी तो जोराने लावून धरला.

२२/
अशा वातावरणात काही पत्रे पुढे आली. ती बर्व्यांनी लिहिली आहेत आणि त्यांतून महाराजांविरुद्धचा कट उघड होतो, असे सांगण्यात आले. मजकूर प्रसिद्ध झाला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. आणि न्यायालयात जे निष्पन्न झाले ते संपादकांना पेचात टाकणारे होते : पत्रे बनावट होती.

२३/
संपादकांनी माफी मागितली, पण खटला थांबला नाही. जुलै १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढून २६ ऑक्टोबर १८८२ रोजी ते सुटले. त्या दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तक लिहिले. खटल्याच्या काळात जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे यांनी १०,००० रुपयांचा जामीन दिला होता, यावरून लोकांची सहानुभूती कोणाकडे होती ते दिसते.

२४/
इथे लबाड संपादक नाहीत. मूर्ख वाचक नाहीत. ध्येयवादी, विद्वान, कायद्याची जाण असलेली माणसे आहेत. टिळकांनी तर कायद्याची पदवी घेतलेली होती. तरीही बनावट कागद त्यांच्या हातून छापला गेला, कारण तो त्यांच्या न्याय्य संतापाला पुष्टी देत होता.

२५/
आणि तो संताप निराधार नव्हता. पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर १८८३ रोजी, अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलेल्या चौथ्या शिवाजी महाराजांचा, त्यांच्यावर नेमलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या सैनिकाशी झालेल्या झटापटीनंतर मृत्यू झाला. त्यांच्यामागे कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले ते राजर्षी शाहू महाराज.

२६/
नीट पाहा : तक्रार खरी, पुरावा खोटा. या जोडीसाठी नेहमीच्या लेखांत जागाच नसते. त्यांत बातमी एक तर खरी असते, नाही तर खोटी. पण बनावट पुराव्याचा पहिला बळी बहुधा खरी तक्रारच असते. त्या १०१ दिवसांच्या मुळाशी असलेला प्रश्न होता राजाच्या छळाचा, आणि न्यायालयात मात्र चर्चा झाली ती पत्रांच्या खरेखोटेपणाची. खऱ्या बाजूच्या माणसाने खोटा कागद वापरला की विरुद्ध पक्षाला उत्तर देण्याची गरजच उरत नाही.

२७/
आपल्याकडेही हा प्रसंग अनेकदा केवळ शौर्यकथा म्हणून सांगितला जातो. तुरुंगवास येतो, मिरवणूक येते, बनावट पत्रे मात्र एका वाक्यात उरकली जातात. त्यामुळे टिळक-आगरकरांची थोरवी वाढत नाही. चूक कळल्यावर माफी मागणे, शिक्षा भोगणे आणि तरीही लेखणी न ठेवणे, ही खरे तर त्या कथेतली सर्वांत शिकण्याजोगी बाजू आहे. आपण तीच वगळतो.

२८/
आता लेखांतल्या त्या यादीकडे वळू. लेखक कोण, तारीख कोणती, प्रकाशक नामांकित आहे काय, भाषा शुद्ध आहे काय, हेतू काय. अशी एक प्रसिद्ध पाच-निकषी यादी २००४ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील चिको येथील विद्यापीठाच्या ग्रंथालयात तयार झाली आणि पुढे शाळा-महाविद्यालयांत पसरली. १८८२च्या 'केसरी'ला ती लावा. संपादक विद्वान, पत्र प्रतिष्ठित, तारीख ताजी, भाषा उत्तम, हेतू लोकहिताचा. पैकीच्या पैकी गुण! आणि पत्रे तरीही बनावट.

२९/
यादीतली उणीव अशी की ती कागदाकडेच टक लावून पाहायला सांगते. २०१७ साली सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी स्टॅनफर्ड येथे ४५ जणांची परीक्षा घेतली : १० व्यावसायिक तथ्यतपासनीस, १० इतिहासाचे विद्यावाचस्पती आणि २५ विद्यार्थी. सर्वांना काही संकेतस्थळांची विश्वासार्हता ठरवायची होती.

३०/
निकाल आपल्यासारख्यांना बोचणारा आहे. विद्यार्थ्यांबरोबर इतिहासकारही अनेकदा फसले. सुबक बोधचिन्ह, भारदस्त नाव, संदर्भांची रांग यांवर ते विसंबले. पानावरचा मजकूर ते वरपासून खालपर्यंत मन लावून वाचत राहिले. तथ्यतपासनीस मात्र काही क्षणांतच ते पान सोडून बाहेर पडले आणि या संस्थेविषयी इतर लोक काय म्हणतात ते शोधू लागले. त्यांनी वाचले कमी आणि निष्कर्ष काढला अधिक अचूक.

३१/
याच वाइनबर्ग यांनी पूर्वी इतिहासकारांच्या वाचनपद्धतीची थोरवी सांगितली होती. मग इतिहासकार फसले कसे? दप्तरखान्यात कागद येतो तो कोणीतरी जपून, वर्गवारी लावून ठेवलेला. त्याची वाट ठाऊक असते. पडद्यावर येणाऱ्या कागदाची वाट आपण स्वतः शोधावी लागते. कसब होते, ते नव्या जागी वापरायचे राहून गेले.

३२/
म्हणजे आपले चार प्रश्न जुने झालेले नाहीत. त्यांतला तिसरा आणि चौथा, कागद कोणाच्या हातून आला आणि दुसरा स्वतंत्र दुजोरा कोणता, हे दोन प्रश्न कागदाबाहेर गेल्यावाचून सुटत नाहीत. कोल्हापूरची पत्रे पकडली जाऊ शकली असती ती इथेच : पत्रे देणाऱ्याला ती मिळाली कुठून, आणि बर्व्यांच्या अस्सल पत्रांशी ती ताडून पाहिली तर काय दिसते.

३३/
त्यांत मी पाचवा प्रश्न जोडीन : हे खरे ठरावे अशी माझी इच्छा आहे काय? उत्तर 'हो' असेल, तर तपासणी दुप्पट करावी. शिवकाळातले 'नवे सापडलेले' पत्र, आपल्या गावाच्या पराक्रमाची कथा, न आवडणाऱ्या पक्षाविरुद्धचा जुना कागद. यांपैकी काहीही हाती आले की बोट 'पुढे पाठवा'कडे आपोआप जाते. त्या क्षणी डोंगरी आठवावी.

३४/
या लेखांना फेकून द्या, असे माझे म्हणणे नाही. यादी आरंभासाठी ठीक आहे. उघड बनवाबनवी तिच्यात अडकते. पण तिच्यापाशी थांबू नका, आणि तिच्याआधी येणारी गोष्ट तर मुळीच तशीच गिळू नका. बातमी पारखायला शिकवणारा लेख हीसुद्धा एक बातमीच असते.

३५/
हा धागाही त्याला अपवाद नाही. यातली कोणतीही तारीख, कोणताही आकडा घ्या आणि हे पान सोडून बाहेर पडताळा. चूक आढळली तर पुराव्यासह खाली लिहा, दुरुस्ती याच जागी केली जाईल. धागा समाप्त.